जी.आय. स्ट्रक्चर, एक सेट

छतावर सोलर बसवायचं ठरलं की घरात पहिला येतो तो कोटेशनचा कागद. गेल्या दोन वर्षांत चौल, नागाव, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी ‘जरा नजर टाका’ म्हणून असे बरेच कागद माझ्याकडे पाठवले. ठेवण सगळ्यांची एकच. पॅनेलवर पाच-सहा ओळी : कंपनी कुठली, वॅट किती, हमी २५ वर्षांची. इन्व्हर्टरवर तीन ओळी. मग केबल, अर्थिंग, नेट मीटर, महावितरणची कागदपत्रं. आणि पार तळाशी, लाजत लाजत लिहिल्यासारखी, एक ओळ : ‘स्ट्रक्चर – जी.आय. – १ सेट’.

रायगडच्या किनाऱ्यावर सोलर किती वर्षं टिकणार, हे बहुतेक या तळाच्या ओळीवर ठरतं. पॅनेल बऱ्यापैकी कंपनीचं असलं की काचेच्या आड, सीलबंद, निवांत असतं. त्याला छताला धरून ठेवणारे पाय, पट्ट्या, क्लॅम्प, बोल्ट आणि वायसर मात्र उघड्यावर खारा वारा खात उभे असतात. विकणारा त्यांच्याबद्दल बोलत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

घेणारे आता पुष्कळ झालेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. देशभरात १ कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा पसारा. पहिल्या २ किलोवॅटना दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला एकूण ७८,०००. त्यापुढे कितीही वाढवा, अनुदान तेवढंच. हे सगळं गणित किलोवॅटचं आहे. समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या घराला आणि लातूरच्या घराला अनुदान सारखंच मिळतं. त्यामुळे स्पर्धेत भाव पाडायचा झाला की विक्रेत्याच्या हाती एकच जागा उरते. पॅनेल ठरलेलं, इन्व्हर्टर ठरलेला, म्हणून सुरी चालते ती स्ट्रक्चरवर.

आमच्याकडे वाऱ्याची गोष्ट निघाली की तारीख सांगावी लागत नाही. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या हिशेबाने वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, झोत त्याहूनही जास्त. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. आणि पत्रे उडाले. हा शब्द आपण सहज वापरतो, पण पत्रा उडतो म्हणजे काय होतं ते त्या दिवशी पाहिलेल्यांना विचारावं. वारा पत्र्याला दाबत नाही, उपसतो. छतावरून वेगाने जाणारी हवा वरून ओढते, वळचणीतून आत घुसलेली खालून ढकलते, आणि हूक असेल तिथे पत्रा फाटून मोकळा होतो. सोलर पॅनेल म्हणजे याच वाऱ्यापुढे मुद्दाम तिरकं धरलेलं, खालून मोकळं असलेलं एक पान.

थोडा हिशेब करू, ढोबळच. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराची आपली संहिता आयएस ८७५, भाग ३. तिची सध्याची आवृत्ती २०१५ ची. तिच्यात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटरचा झोत. वेगाचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, की दाब मिळतो : चौरस मीटरला साधारण ११८ किलो. आजकालचं ५४० वॅटचं पॅनेल जवळपास २.६ चौरस मीटरचं असतं आणि वजन २८ किलोच्या आसपास. त्यावर ओढ सुमारे ३०० किलोची. ३ किलोवॅटला अशी सहा पॅनेल लागतात, म्हणजे एकूण अठरा क्विंटलची गोष्ट. उंची, उतार, आजूबाजूचा आडोसा यांनी आकडा कमी-जास्त होतो, कडेच्या पॅनेलवर तो वाढतोच. पण प्रमाण लक्षात घ्या : २८ किलोची वस्तू आणि ३०० किलोची ओढ. पॅनेल ‘जड आहे, हलणार नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला दोन माणसं उचलून नेतात अशी ती काच आहे, एवढीच आठवण करून द्यावी.

याच संहितेत चक्रीवादळी किनाऱ्यासाठी वेगळा गुणक आहे. वादळानंतर उभ्या राहायलाच हव्यात अशा बांधकामांना वाऱ्याचा वेग ३० टक्के वाढवून धरायचा. हा गुणक पूर्व किनारा आणि गुजरात इथल्या, समुद्रापासून साधारण ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी सांगितला आहे. कोकण त्यात नाही. निसर्ग वादळाने संहिता वाचलेली नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ इथला किनारा न ओलांडता समुद्रातून गुजरातकडे गेलं, तरी जाता जाता पत्रे आणि झावळ्या घेऊन गेलं.

आता छतांकडे वळू. इथे तीन प्रकारची छतं आहेत आणि तिघांचं दुखणं निराळं.

स्लॅबवाल्यांचं दुखणं गळती. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या मालकाने दोन पावसाळे छताखाली बादल्या ठेवून काढलेत, तो स्लॅबला भोक पाडू देत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. मग तोडगा म्हणून पायाखाली काँक्रीटचे ठोकळे येतात. एक घनफूट काँक्रीट भरतं ७० किलोच्या आत. सहा ठोकळे म्हणजे ४०० किलो, पॅनेलचे १७०, लोखंडाचे दीडशे धरा. सगळं मिळून सव्वासातशे किलो, आणि समोर अठराशे किलोची ओढ. ठोकळे मोठे केले, पॅनेल कठड्याच्या आत आणि कमी उतारावर ठेवली तर हे गणित बसवता येतं. पण ते बसवावं लागतं. ‘काका, काही होत नाही, आम्ही सगळीकडे असंच लावतो,’ हे वाक्य गणितात धरता येत नाही.

जे भोक पाडतात त्यांची फसगत वेगळ्याच जागी होते. आपल्याकडे गच्चीवर पाण्याच्या बंदोबस्तासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. त्याची जाडी चार-पाच इंच, उताराच्या वरच्या टोकाला जास्तच. त्यात चार इंचांचा अँकर बोल्ट ठोकला की तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पाना फिरवला की कुरकुरतो, फिटर समाधानाने मान हलवतो. बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलेलाच नसतो. तो विटेच्या तुकड्यात आणि चुन्या-सिमेंटात अडकलेला असतो. वरून कोब्याला भोक पडलेलं, म्हणजे गळती आली, आणि खाली पकड नाही. दोन्हीकडून गेलं. योग्य पद्धत म्हणजे पायाच्या जागी कोबा कापायचा, स्लॅबमध्ये केमिकल अँकरने सळ्या बसवायच्या, त्यावर काँक्रीटचा पेडेस्टल ओतायचा आणि त्याच्या भोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग गोलाकार चढवून घ्यायचं. याला एक दिवस जास्त लागतो आणि गवंडी वेगळा लागतो. नवं घर बांधणाऱ्याने तर कोबा घालण्याआधीच सहा पेडेस्टल काढून ठेवावेत. पॅनेल पाच वर्षांनी घेतली तरी चालेल.

पत्र्याच्या छतावर काम सोपं दिसतं. रंगीत पत्र्याच्या उंचवट्यावर हातभर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी, बाजारात तिला मोनोरेल किंवा मिनी रेल म्हणतात, रबरी वायसरच्या स्क्रूने बसवायची आणि तिच्यावर पॅनेल क्लॅम्प करायचं. पॅनेल पत्र्याला समांतर बसतं, वाऱ्याला कमी सापडतं, हे चांगलंच. अडचण इतकीच की पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. स्क्रू नुसत्या पत्र्यात गेला तर त्याची पकड त्या अर्ध्या मिलिमीटरची. तो खालच्या पर्लिनमध्ये, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्टीत, उतरायला हवा, आणि पर्लिन कुठे आहे ते वरून दिसत नाही, जुन्या स्क्रूंच्या रांगेवरून ओळखावं लागतं. शिवाय पत्राच जर चार-सहा हुकांवर राहिलेला असेल, तर पॅनेल कितीही नीट बसवा, वादळात पत्रा पॅनेलसकट जाईल. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर, ज्यांना आपण अजूनही अॅस्बेस्टॉस म्हणतो, मुळीच चढू नये. ते माणसाच्या वजनाने तडकतात, आणि भोक पाडताना उडणारी धूळ छातीत जाते. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा करणं हाच उपाय.

आणि कौलं. मंगळुरात बाझल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आमच्या वाड्यांतली जुनी घरं अजून त्यांच्याखाली आहेत. युरोपात कौलांखालून वाकवून बाहेर काढायचे खास हूक मिळतात, पण ते तिकडच्या कौलांच्या मापाचे आणि तिकडच्या जाड वाशांचे. आपल्याकडे रिपा दीड-दोन इंची, वासे कुठे सागाचे, कुठे माडाचे, कुठे वाळवीने पोखरलेले. हूक रिपेला अडकवला तर वाऱ्यात रीपच निघून येईल, म्हणून तो वाशालाच धरायला हवा. तेही केलं तरी दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायला माणूस कुठून चढणार? मधल्या काळात वानरांनी फोडलेली कौलं पॅनेलखाली हात घालून कशी बदलणार? माझं मत विचाराल तर कौलारू घराला सोलरपासून मोकळं ठेवावं. गोठा, शौचालयाची गच्ची, पंपघर, नाहीतर अंगणात खांब रोवून मांडव, यातलं काहीतरी बघावं.

अंगणातल्या मांडवाचं म्हटलं, पण इथेच किनाऱ्याची खरी गोम आहे. चौल, रेवदंडा, नागाव, श्रीवर्धन, दिवेआगर या गावांतली घरं वाडीत आहेत. डोक्यावर माड, मध्ये पोफळी, खाली केळी. घराच्या छतावर ऊन येतच नाही, आलं तर दुपारी दोन तास, तेही जाळीजाळीचं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन खाली येतं. मग ऊन गाठायला स्ट्रक्चर उंच करायचं. आठ फूट, दहा फूट, कधी त्याहून वर. मालकालाही ते आवडतं, खाली कपडे वाळतात, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडता येतात, होम स्टे असेल तर तीही जागा भाड्याची होते. पण सावली चुकवायला उंची वाढवली की वारा गाठतो. पाय लांब झाला की वरच्या ओढीने तळाच्या प्लेटला पिळवटणारा जोर त्या लांबीबरोबर वाढत जातो. कठड्याच्या आत आडोशाला असलेली पॅनेल आता मोकळ्या वाऱ्यात शिडासारखी उभी राहतात. चारही बाजूंना तिरक्या कैच्या नसतील तर असा सांगाडा दहा फुटांवर हाताने हलतो. हलवून बघा. विक्रेता समोर असतानाच बघा.

निसर्गने पाडलेल्या वाड्यांत एक विचित्र गोष्ट झाली. ज्या छतांना दोन पिढ्यांत ऊन लागलं नव्हतं, ती एकदम उघडी पडली. काहींनी तिथे सोलर बसवलं. आता त्याच वाड्यांत वादळानंतर लावलेले माड वर येताहेत, आणि पॅनेल २५ वर्षांची आहेत. कुठला माड कुठे लावला हे कुणी पॅनेल बसवताना विचारलेलं नाही. माडाच्या टप्प्यात पॅनेल आलं तर नुसती सावलीच नाही, नारळही पडतो.

वाऱ्याबद्दल इतकं. वारा एखाद्या दिवशी येतो, गंज रोज येतो.

‘जी.आय.’ म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. पण या दोन अक्षरांत आपल्या बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, कारखान्यातच जस्त चढवून आलेला पत्रा, आणि त्याच्यापासून केलेले पाइप नि चॅनेल. दुसरी, सगळं कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड. याला हॉट डिप म्हणतात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या निकषांत हॉट डिपच सांगितलं आहे, जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन. पहिल्या प्रकारात १२० जीएसएमचा माल सर्रास मिळतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. चांगल्यातला २७५ जीएसएम घेतला तरी एका बाजूला १९.

हे मायक्रॉन किती पुरतात? हवेच्या गंजकपणाच्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत, आयएसओ ९२२३ मध्ये, सी-१ पासून सी-५ पर्यंत पायऱ्या आहेत, आणि त्यावर एक टोकाची. भरपूर खाऱ्या किनाऱ्याची हवा सी-५ मध्ये मोडते. तिथे जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. आता भागाकार तुम्हीच करा. ८० मायक्रॉन : साधारण दहा ते एकोणीस वर्षं. १२० जीएसएम : एक-दोन पावसाळे. कोटेशनमध्ये दोघांनाही ‘जी.आय.’च म्हटलेलं असतं. समुद्रापासून आत, पेण-रोह्याकडे गेलं की हवा सौम्य होते आणि वर्षं वाढतात. पण चौपाटीवरच्या गावाला हा भागाकार सुटत नाही.

नागावात एका ओळखीच्यांच्या गच्चीवर मी चार पावसाळे झालेलं स्ट्रक्चर जवळून पाहिलं. समुद्राकडच्या, उघड्या पायांवर फक्त पांढुरका थर होता. पॅनेलच्या खाली हात घालून आडव्या पट्टीची वरची बाजू पुसली तर हाताला तांबडी भुकटी आली. उघड्या पायावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पॅनेलच्या सावलीतल्या पट्टीवर पाऊस पडतच नाही. तिथे मीठ साठतं, रात्री दमट हवेने ओलं होतं आणि जस्त खात बसतं. जिथे क्लॅम्प आहेत, पॅनेलची सगळी पकड आहे, ती जागा सगळ्यात आधी जाते आणि खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. त्याच सांगाड्याच्या तळाच्या प्लेटवर वेल्डिंगच्या भोवती रंगाच्या खपल्या सुटल्या होत्या. गच्चीवरच वेल्डिंग केलं होतं. वेल्डिंगच्या धगीने जस्त उडून जातं आणि मग वरून सिल्व्हर रंग मारतात. फोटोत तो फार छान दिसतो.

हॉट डिप ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाइपाचं कापलेलं तोंड बघायचं आणि बोल्टचं भोक बघायचं. तिथेही तोच करडा थर असेल, कुठे जस्ताचे ओघळ गोठलेले असतील, तर बुडवलेलं आहे. तोंड काळं-तांबूस असेल तर तयार पाइप आणून गच्चीवर कापलाय. थर मोजायचं छोटं मीटर मिळतं, लोखंडाला टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. आमच्या तालुक्यात वेल्डिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, जस्ताची कढई मात्र नाही. सांगाडा तयार करून टेंपोने बाहेर पाठवायचा, बुडवून परत आणायचा, हा फेरा कुणाला नको असतो. गंमत म्हणजे पोलाद याच जिल्ह्यात, धरमतर खाडीवर डोलवीला, ढिगाने बनतं.

अलीकडे जस्तात अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम मिसळलेला थर असलेलं पोलाद येऊ लागलंय. थर पातळ असूनही साध्या जस्तापेक्षा ते किनाऱ्यावर जास्त टिकतं आणि कापलेली कडही काही प्रमाणात सावरून धरतं. त्याला वेल्डिंग करायचं नाही, नटबोल्टनेच जोडायचं, एवढी अट. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणखी बऱ्या, महागही. पण अॅल्युमिनियम थेट स्टेनलेससारख्या वेगळ्या धातूला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की घराच्या घरी बॅटरी तयार होते, आणि तिच्यात अॅल्युमिनियम झिजतं. मोठ्या अॅल्युमिनियम पट्टीत छोटा स्टेनलेस बोल्ट चालून जातो, कारण झिजणारा भाग मोठा आहे. उलट केलं, मोठ्या स्टेनलेस पट्टीत अॅल्युमिनियमचं रिव्हेट ठोकलं, तर रिव्हेट काही पावसाळ्यांत भुगा होतं.

बोल्टकडे येण्याआधी जरा वाट वाकडी करतो. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मापनं बिघडणार, म्हणून ती इथे हलवली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं तर इमारतीतच लोखंड नको, म्हणून ती लोखंड टाळून, चुंबकाला न जुमानणाऱ्या सामानाने बांधली. किनाऱ्यावर असं घर सगळ्यांनाच परवडलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मला ती आठवण झाली चुंबकामुळे. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेसचा बोल्ट मागितला की दुकानदार ऐटीत चुंबक लावून दाखवतो : बघा, चिकटत नाही, अस्सल आहे. अस्सल असेलही. पण ३०४ आणि ३१६ या दोन्ही जाती चुंबकाला जवळपास सारख्याच. किनाऱ्यावर फरक पडतो तो यातच. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने मिठाचा मारा सोसला जातो. ३०४ वर चहाच्या डागासारखे तांबूस डाग येतात, मग खळ्या. चुंबक खिशात ठेवा आणि बोल्टच्या डोक्यावर काय कोरलंय ते चष्मा लावून वाचा. ए२-७० म्हणजे ३०४ च्या घरचा, ए४-७० म्हणजे ३१६ च्या. डोक्यावर काहीच नसेल तर तो कुणाचाच नाही. ३ किलोवॅटच्या कामात सगळे बोल्ट ए४ घेतले तरी एकूण खर्चात तो फरक किरकोळ असतो. स्टेनलेसचे आटे घट्ट करताना एकमेकांना चिकटतात, म्हणून आट्यांना खास ग्रीस लावायचं, नाहीतर चार वर्षांनी नट काढायला ग्राइंडर आणावा लागतो.

क्लॅम्पबद्दल विक्रेते एक आकडा फार सांगतात : आमचं पॅनेल ५४०० पास्कल सोसतं. खरं आहे, पण तो वरून पडणारा भार आहे, मुख्यतः बर्फाचा. कोकणात बर्फ पडत नाही. खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा आकडा त्याच कागदावर शेजारी लहान अक्षरात असतो, बहुधा २४००, आणि तो चाचणीचा असतो. आखणी करताना त्याला दीडने भागायचं. तोही खरा ठरतो तो क्लॅम्प पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावले तर. क्लॅम्प कोपऱ्यापासून किती अंतरावर, तो किती न्यूटन-मीटरने आवळायचा, हे छापलेलं असतं. आवळायला टॉर्कचा पाना लागतो. मी आजवर पाहिलेल्या फिटरांपैकी दोघांच्या पिशवीत तो होता.

२०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही वादळं कॅरिबियन बेटांवरून गेली. त्यानंतर तिथल्या सोलर प्रकल्पांची पाहणी करून अमेरिकेतल्या रॉकी माउंटन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये एक अहवाल काढला. काही प्रकल्प पार भुईसपाट झाले होते आणि जवळचेच काही जवळपास जसेच्या तसे उभे होते. फरक अशा छोट्या गोष्टींचा निघाला. दोन पॅनेलच्या मध्ये एकच सामाईक क्लॅम्प असतो. एक पॅनेल निसटलं की शेजाऱ्याची एक बाजू सुटते, मग त्याच्या शेजाऱ्याची, आणि रांगच्या रांग उलगडते. त्यांनी सुचवलं, की चौकटीतून आरपार बोल्ट घाला आणि थरथरीने न सुटणारे नट वापरा. आपल्या छोट्या छतावर आरपार बोल्ट घालणं काही अवघड नाही, चौकटीला मागून भोकं दिलेलीच असतात. निदान कडेच्या दोन पॅनेलांना तरी घालावेत, आणि साध्या नटाऐवजी नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट घ्यावेत.

उतार कमी ठेवावा, हेही इथेच सांगून टाकतो. अलिबाग साडेअठरा अंशांवर आहे म्हणून पॅनेलही अठरा अंशांवर, असा हट्ट नको. दहा अंशांवर ठेवलं तर वर्षाचं उत्पादन नावापुरतं घटतं आणि वाऱ्याची ओढ चांगलीच उतरते. दहाच्या फार खाली मात्र नको, नाहीतर चौकटीच्या कडेला चिखलाची रेघ साचून राहते.

छताबाहेरच्या जागांबद्दल थोडक्यात. शेतातल्या सौर पंपांचे खांब जमिनीत काँक्रीट घालून रोवतात. खारजमिनीत तळाशी, माती आणि हवा भेटते त्या वितीभर पट्ट्यात, लोखंड सगळ्यात लवकर जातं. तिथे डांबराचा हात किंवा काँक्रीटची बाही जमिनीच्या वर आणावी. पनवेल-उरणच्या सोसायट्यांत बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल टांगायची टूम निघेल, जर्मनीत ती बरीच पसरली आहे. तिथला कठडा आणि आपल्या बिल्डरचा कठडा एक समजू नये. समुद्रकाठच्या रस्त्यावरचे सौर दिवे कुणीही जाऊन पाहावेत. दिवा, पॅनेल, बॅटरी यांच्या आधी गेलेली असते ती त्यांना धरणारी पकडपट्टी.

योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. बहुतेकांच्या लेखी देखभाल म्हणजे पॅनेल पुसणं आणि मोबाइलवरचे युनिट बघणं. कमी प्रतीच्या जस्ताचा गंज तर तोवर दिसायलाही लागलेला असतो. सहाव्या वर्षी गच्चीवर कोण चढणार?

आमच्या घरी मी लहान असताना मे महिना संपत आला की एक म्हातारा घर शाकारायला यायचा. तो सगळी कौलं काढून लावायचा, फुटकी बदलायचा, रीप ठोकून बघायचा, पन्हळ साफ करायचा, आणि उतरताना वडिलांना सांगायचा की पुढच्या साली अमुक वासा बदलायला लागेल. ते काम करणारे आता मिळत नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यात मी नागावच्या त्या गच्चीवर रिंग पाना, वायर ब्रश आणि जस्तयुक्त रंगाचा डबा घेऊन गेलो. सत्तेचाळीस नट होते. त्यातले अकरा बोटांनी फिरत होते. दोन क्लॅम्प बदलावे लागले, आणि पश्चिमेच्या टोकाच्या पायाची तळपट्टी पुढच्या साली बदलायला लागेल, असं मालकांना सांगून खाली उतरलो.